बुरुजातली देवकाई आणि ‘बलिदान’ नावाची थाप

पावसाळा सरता सरता आमच्या अभ्यासवर्गातल्या काही पोरापोरींना घेऊन तिकोण्यावर गेलो होतो. तिकोणा पेठेतून चढायला लागलं की तास-दीड तासात माणूस वर पोचतो. वर पोचल्यावर एका बाजूला पवनेचं पाणी, समोर तुंग, पलीकडे लोहगड आणि विसापूर. भाकरी सोडून बसलो होतो, तेवढ्यात आमच्यातल्या एका पोराने मोबाईल पुढे केला. हा पोरगा चित्रं बरी काढतो. व्हॉट्सअॅपवर आलेलं एक चित्र होतं. अर्धवट बांधलेला बुरुज, खाली खड्डा, खड्ड्यात हात जोडून उभे असलेले नवरा-बायको, दोघांच्या गळ्यात हार, वर फडकणारा झेंडा. खाली लिहिलं होतं की स्वराज्यासाठी महार दांपत्याचं बलिदान. पोराने विचारलं, “दादा, याचा अभिमान बाळगायचा का?”

मी तिथे त्याला जे उत्तर दिलं ते अर्धवट होतं. घरी येऊन पुस्तकं काढली, पुन्हा वाचली. हा लेख त्यातूनच लिहितो आहे.

चित्रातली गोष्ट तिकोण्याची नाही. ती पुरंदरची आहे. दोन्ही गडांचा संबंध शाळेच्या इतिहासात एवढाच सांगतात, की ११ जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यात तिकोणाही होता. पण किल्ल्यांच्या याद्या आपल्याला पाठ असतात आणि किल्ल्याखाली कोण आहे ते नसतं, म्हणून ही गोष्ट आधी नीट सांगतो.

बहामनी काळात बेदरच्या राज्याकडून पुरंदर बांधायला घेतला गेला. काम बघत होते चंद्रसंपत देशपांडे. गडावरचा एक बुरुज काही केल्या उभा राहीना. बांधला की ढासळायचा. मग वरून हुकूम आला, की बुरुजाला बळी पाहिजे. बहिरनाक सोननाक नावाच्या महाराने आपला मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना ‘दिलं’. दोघांना पायात जिवंत गाडलं. मग बुरुज उभा राहिला. आजही त्याला शेंदऱ्या बुरुज म्हणतात. ही गोष्ट १८८५ च्या मुंबई इलाख्याच्या पुणे जिल्हा गॅझेटियरने छापली, म्हणून ती सरकारी कागदावर आली. पण गोऱ्या साहेबाला ती कोणीतरी तोंडानेच सांगितली असणार. गावोगावच्या महारवाड्यांत ती त्याच्या कितीतरी आधीपासून फिरत होती.

आता चित्राकडे बघा. बहामनी राज्य म्हणजे चौदावं-पंधरावं शतक. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे या गोष्टीत स्वराज्य नाही, तो झेंडा नाही, महाराजांचा काही संबंधही नाही. चित्र काढणाऱ्याने दोन-तीनशे वर्षं गिळली. आणि हे आपल्यातलेही लोक करतात, हे मी इथे स्पष्ट लिहितो. कोणी ही गोष्ट पेशवाईत ढकलतो, कोणी शिवकाळात. आपण दुसऱ्यांच्या खोट्या इतिहासावर तुटून पडतो तेव्हा आपल्या पदरातला इतिहास तरी साफ पाहिजे. गोष्ट बहामनी काळाची आहे, तर तशीच सांगा. तिचा दाह त्याने कमी होत नाही. उलट कळतं, की राज्य सुलतानाचं असो की आणखी कोणाचं, पायात घालायला माणूस कोणत्या वाड्यातून आणायचा हे आधीच ठरलेलं होतं.

‘दिलं’ या शब्दापाशी मी अडतो. बहिरनाकाने दिलं म्हणजे काय केलं? गावकुसाबाहेर राहणारा, ज्याची भाकरीसुद्धा गावाच्या हातात, त्याला राज्याचा माणूस येऊन म्हणतो की पोरगा आणि सून पाहिजे. तो नाही म्हणू शकत होता का? आणि देवकाईला कोणी विचारलं? ती दुसऱ्या घरातून आलेली पोर. सासऱ्याच्या तोंडी तरी काही शब्द आहेत, तिच्या तोंडी एकही नाही. आपल्या बायाबापड्या शेकडो वर्षं ही गोष्ट सांगत आल्या, पण कागदावर आली ती बुरुज बांधणाऱ्यांच्या बाजूने. बुरुज का पडत होता, कसा उभा राहिला, बक्षीस कोणाला मिळालं, हेच त्यात आहे.

कोणी म्हणेल, अशा गोष्टी जगभर आहेत, याला जातीचा रंग कशाला? आहेतच. सर्बियात स्कादर किल्ल्याची गोष्ट आहे, वुक कराजिच यांनी ती लोकांकडून ऐकून छापली. रुमानियात मानोले गवंड्याची आहे. ग्रीसमध्ये आर्ताच्या पुलाची आहे. आपल्या शेजारी कर्नाटकात भागीरथीची आहे, तळ्याला पाणी लागावं म्हणून तिचा बळी गेला. सगळीकडे बांधकाम अडतं आणि सगळीकडे बाईचाच बळी जातो. पण ती बाई कोणाची ते बघा. स्कादरला किल्ला बांधणाऱ्या राजघराण्यातल्या धाकट्या भावाची बायको. रुमानियात आणि ग्रीसमध्ये खुद्द मुख्य गवंड्याची बायको. कर्नाटकात गावच्या गौडाची धाकटी सून. ज्याचं बांधकाम, त्याच्याच घरातला जीव जातो. म्हणून त्या गोष्टींत गवंडी रडतो, राजा रडतो. पुरंदरला किल्ला बेदरवाल्यांचा, कारभार देशपांड्यांचा आणि जीव महारवाड्यातला. जगाच्या गोष्टीत आणि आपल्या गोष्टीत हा फरक जातीने केला.

आपल्यासारखी दुसरी गोष्ट मला गुजरातेत सापडते, आणि ती वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. बाराव्या शतकातला पाटणचा राजा सिद्धराज जयसिंह. त्याच्या सहस्रलिंग तलावात पाणी टिकेना. बत्तीस लक्षणांचा माणूस बळी द्यायचा ठरलं. पकडून आणला तो मायो, अस्पृश्य विणकरांचा तरुण. गुजरातचे दलित त्याला आजही वीर मेघमाया म्हणून मानतात. मायो मरण्याआधी राजाकडे मागणं मागतो, की आमच्या लोकांना गावाजवळ राहू द्या, दारात तुळस आणि पिंपळ लावू द्या, आणि गळ्यातली कुल्हडी व पाठीमागचा झाडू काढून टाका.

गळ्यातलं मडकं आणि मागचा झाडू. ओळखलं ना?

आपल्याकडे पेशवाईतल्या पुण्याची ही आठवण घराघरात आहे. थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून गळ्यात मडकं, पावलांचा माग पुसावा म्हणून कमरेला झाडू. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ती लिहिली. त्याच्या चार वर्षं आधी, १९३२ ला, गो. स. घुर्ये यांनीही आपल्या जातिविषयक ग्रंथात ती नोंदवली. घुर्ये काही आंबेडकरी चळवळीतले नव्हते. त्यांच्या नोंदीत झाडूच्या जागी काटेरी फांदी आहे, आणि दुपारी तीन ते सकाळी नऊ या वेळात महार-मांगांना पुण्याच्या वेशीत येता येत नसे, कारण तेव्हा सावल्या लांब पडतात, असंही त्यात आहे.

दरवर्षी १ जानेवारी जवळ आला की कोणीतरी विद्वान उठतो आणि विचारतो, मडक्या-झाडूचा पेशवे दफ्तरात कागद कुठे आहे? माझं उत्तर साधं आहे. ज्याला पाटीला हात लावू दिला नाही त्याच्याकडून दप्तर मागू नका. जी गोष्ट पुण्यात मराठीत सांगितली जाते, तीच पाटणच्या बाजूला गुजरातीत, वेगळ्या राजाच्या नावाने, वेगळ्या कारणाने सांगितली जाते. एकीकडे झाडू आहे, दुसरीकडे काटेरी फांदी. एका माणसाने टेबलावर बसून रचलेली गोष्ट सगळीकडे सारखी असते. भोगलेल्या माणसांनी एकमेकांना सांगितलेली गोष्ट अशीच थोडी थोडी बदलत जाते. कोर्टात दोन साक्षीदारांची जबानी शब्दाला शब्द जुळली की वकीलच म्हणतो, साक्षीदार पढवलेले आहेत.

आता मुक्ताकडे येतो, कारण त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे आहे.

मुक्ता साळवे. मांगाची पोर, जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी, वय चौदाच्या आसपास. तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला. पेशवाई बुडून तेव्हा ३७ वर्षं झाली होती. म्हणजे तिने स्वतः पेशवाई पाहिली नाही, पण पाहिलेली, त्यातून जगून वाचलेली माणसं तिच्या घरात बसलेली होती. तिच्या निबंधात त्यांच्याच आठवणी बोलतात. तालीमखान्यावरून मांग किंवा महार गेला तर त्याचं डोकं उडवून गुलटेकडीच्या मैदानात चेंडूसारखं खेळत, हे ती लिहिते. आणि इमारतींच्या पायात आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून गाडत, हेही लिहिते.

इथे थोडं थांबू या. मुक्ता ही लहुजी वस्तादांच्या घराण्यातली म्हणून ओळखली जाते. लहुजी साळवे यांचा जन्म १७९४ चा, पुरंदरच्या पायथ्याच्या पेठ गावचा. ही तिकोण्याखालची पेठ नव्हे, पुरंदरखालची. पण मावळात काय किंवा तिकडे काय, गडाखालची पेठ म्हणजे गडाला राबणाऱ्यांची वस्ती. ज्या गडाच्या बुरुजात नाथनाक आणि देवकाई आहेत, त्याच गडाच्या सावलीत हे घराणं वाढलं. महाराची गोष्ट मांगाच्या घरात गेली असेल, मांगाच्या घरातून पुण्याच्या शाळेत पोचली असेल, असं मानायला जागा आहे. आणखी एक गोष्ट माझ्या मनात येते. मुक्ता म्हणते तेलात शेंदूर कालवून पाजत, आणि पुरंदरचा तो बुरुज आहे ‘शेंदऱ्या’. हा माझा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्या, पोस्टरवर छापू नका.

पण खरी गोष्ट पुढे आहे. मुक्ता ‘बलिदान’ म्हणत नाही. आमच्या पूर्वजांनी इमारतींसाठी त्याग केला, असं एका अक्षराने म्हणत नाही. ती त्याला जुलूम म्हणते. ज्या धर्मात हे चालतं तो आमचा कसा, असं ती विचारते. चौदा वर्षांच्या पोरीला जो फरक कळला, तो आपल्या व्हॉट्सअॅपवरच्या चित्रकाराला कळत नाही. गॅझेटियरमध्ये देशपांड्यांचा बुरुज आहे आणि मुक्ताच्या निबंधात गाडलेला माणूस. आपल्या घरात मुक्ताची सांगी यायला पाहिजे होती. आली ती गॅझेटियरची, वर हार घालून.

का आली, याचाही विचार केला पाहिजे. हरलेल्या माणसाला आपल्या दुःखाचं काहीतरी मोल हवं असतं. म्हणून आपल्या जुन्या गोष्टींत सगळीकडे एक सौदा असतो, शरीर द्यायचं आणि हक्क घ्यायचे. मेघमायाने मरून तुळस-पिंपळ मिळवले. आपल्याकडे अमृतनाकाची गोष्ट घ्या. तीही बेदरचीच. बादशहाच्या घरातली स्त्री, कोणी राणी म्हणतं कोणी मुलगी, हरवलेली असते. तिला आणायला अमृतनाक निघतो आणि जाताना बादशहाकडे एक बंद डबी ठेवून जातो. परत आल्यावर त्याच्यावर संशय घेतात. डबी उघडतात तर आत त्याने स्वतःचं इंद्रिय कापून ठेवलेलं. बादशहा खूश होऊन महारांना बावन्न हक्क देतो. अलेक्झांडर रॉबर्टसन यांनी १९३८ च्या ‘द महार फोक’मध्ये बावन्न हक्कांची ही परंपरा नोंदवून ठेवली आहे.

माझ्या आजीची पिढी ही गोष्ट अभिमानाने सांगायची. त्यात अभिमान होता हे मला मान्य आहे, आपण लाचार नव्हतो, राजाने आपल्याला सनद दिली, हे सांगण्याची ती धडपड होती. पण ते बावन्न हक्क होते काय? मेलेल्या ढोराचं कातडं, मढ्यावरचं कापड, घरोघरची शिळी भाकर, खळ्यावरचं उरलंसुरलं. आणि त्याच्या बदल्यात रात्रंदिवस गावाची वेठ. बाबासाहेबांनी हा सौदाच मोडला. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. १९२८ ला मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. तेव्हा आपल्यातलेच जुने लोक म्हणाले, बाप-जाद्यांचे हक्क जातील. बाबासाहेबांचं म्हणणं होतं की हेच हक्क तुमच्या पायातली बेडी आहेत. वतन कायद्याने गेलं ते १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेब गेल्यानंतर. म्हणजे अमृतनाकाची गोष्ट मोडायला तीस वर्षं लागली. नाथनाकाच्या गोष्टीवर हार घालणं म्हणजे तोच मोडलेला सौदा पुन्हा जोडणं आहे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो. मग शूरांच्या आठवणी पण सोडायच्या का? शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० ला सरकारला अर्ज केला, तेव्हा महारांच्या लष्करी पराक्रमाचा आधार घेतलाच होता. कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना देतोच आपण. द्यायचीच. पण कोरेगावला हातात बंदूक होती. नाथनाकाच्या हातात काही नव्हतं. लढून मेलेला आणि गाडून मारलेला, दोघांना एकच हार घातला की मारणारा सुटतो.

आता चित्रांबद्दल. आपल्या चळवळीत चित्र ही हौसेची गोष्ट कधीच नव्हती. अक्षर नसलेल्या आईने बाबासाहेब ओळखले ते भिंतीवरच्या तसबिरीतून. मडकं-झाडूची गोष्ट ज्याने कागदावर आणि कॅनव्हासवर आणली तो माणूस म्हणजे सवी सावरकर. १९६१ चा जन्म, नागपूरचा, बडोद्याला शिकला, दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवत राहिला. त्याच्या चित्रांत आणि धातूच्या पत्र्यावरून काढलेल्या छापांत गळ्यात मडकं अडकवलेला माणूस पुन्हा पुन्हा येतो. जाड, काळ्या, खरखरीत रेषा. देखणेपणा नाही. देवदासी आहेत, मनू आहे, शेंडीवाला आहे. गॅरी टार्टाकोव्ह यांनी दलित कला आणि दृश्यप्रतिमांवर जो इंग्रजी ग्रंथ २०१२ ला संपादित केला, त्याची चर्चा सवीला टाळून होऊच शकत नाही.

सवीची चित्रं काही जणांना आवडत नाहीत. मी आपल्याच कार्यकर्त्यांकडून ऐकलं आहे, की आता आपण शिकलो, साहेब झालो, ते मडकं कशाला परत गळ्यात? हा राग मला कळतो. पोराच्या शाळेच्या भिंतीवर मला तरी ते चित्र चालेल का, हे मी सांगू शकत नाही. पण सवीच्या चित्रात आणि त्या व्हॉट्सअॅपच्या चित्रात एक मोठा फरक आहे. सवीच्या माणसाच्या गळ्यात हार नाही. मडकं कोणी अडकवलं ते त्याच्या चित्रांत दिसतं, तो शेंडीवाला तिथे हजर असतो. बलिदानाच्या चित्रात गाडणारा गायब आहे. खड्डा आपोआप खणला गेला, दगड आपोआप रचले गेले. प्रभाकर कांबळे या आपल्या पुढच्या पिढीच्या कलाकाराने मडकंच घेतलं, पण माणूस न दाखवता. त्याने मडक्यांची उतरंड रचली आणि २०२२ ला ती बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडली. सगळ्यात खालच्या मडक्यावर सगळ्यांचा भार. उतरंड आपल्या घरात सगळ्यांनी पाहिलेली असते, त्यामुळे समजावून सांगायची गरजच पडत नाही.

परत तिकोण्यावर येतो. या मावळात दगडात काम करणाऱ्या माणसाचं काय करायचं याची दुसरीही रीत होऊन गेली आहे, आणि ती आपली आहे. कार्ल्याचं चैत्यगृह सर्वांनी पाहिलं असेल, आता एकवीरेच्या गर्दीतून वाट काढत जावं लागतं ते सोडा. तिथे ब्राह्मी अक्षरांत लेख आहेत. धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार, वेणुवासाचा मुलगा, त्याने दाराचं काम केलं असं त्यात कोरलेलं आहे. सुगंधी वस्तू विकणारा सिंहदत्त आहे. भिक्षुणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षं झाली, सुताराचं नाव बापाच्या नावासकट दारावर आहे. भाजे, बेडसे इथून हाकेच्या अंतरावर, खुद्द तिकोण्यावरही कोरीव लेणं आहे. बौद्ध लेण्यांच्या डोंगरात कारागिराचं नाव दगडावर कोरलं गेलं, आणि पुढे त्याच सह्याद्रीत पुरंदरला कारागिराच्या दगडाखाली माणूस गाडला गेला. मधल्या हजार-बाराशे वर्षांत काय झालं ते बाबासाहेबांनी क्रांती-प्रतिक्रांती या शब्दांत मांडलं. मी पोरांना गडावर हेच सांगितलं, तेव्हा पाऊस लागला म्हणून लेण्यात जाऊन बसलो होतो.

आणखी एक भिंत आठवते. मंगळवेढ्याचं गावकूस. १३३८ ला ते बांधताना कोसळलं आणि त्याखाली चोखोबा इतर मजुरांबरोबर मेला. त्याची हाडं विठ्ठल विठ्ठल बोलत होती म्हणून ओळखू आली, असं संतचरित्र सांगतं. बाकीच्या मजुरांच्या हाडांचं काय झालं ते सांगत नाही. वेठीला धरून आणलेली ती माणसं कोणत्या गावची, किती, काही नाही. चोख्याला निदान पंढरपूरच्या पायरीशी, देवळाच्या बाहेर का होईना, जागा मिळाली.

उतरताना तो पोरगा माझ्या बरोबर चालत होता. त्याने ते चित्र ग्रुपवरून काढून टाकलं आणि म्हणाला, मी दुसरं काढतो. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. काळ बहामनीच ठेव, झेंडा नको. गाडणारे दाखव, देशपांड्यांपासून हुकूम आणणाऱ्या शिपायापर्यंत. आणि खाली नावं लिहिशील तेव्हा देवकाईचं नाव आधी लिही, कारण ती कोणाच्याच सांगण्यात बोलत नाही.

येत्या १५ फेब्रुवारीला आमच्या वस्तीतल्या विहारात मुक्ताचा निबंध मोठ्याने वाचायचा ठरला आहे. वाचणार आठवीतली एक मुलगी. मागच्या भिंतीवर हे नवं चित्र लावायचं आहे. परवा त्या पोराचा फोन आला होता. सगळं जमलंय म्हणाला, फक्त देवकाईचे हात अडलेत. जोडलेले काढायचे नाहीत एवढं त्याचं ठरलं आहे, मग कसे काढायचे ते अजून ठरत नाही.